साखळीची शेवटची कडी
(जमशेटजी टाटा : ३ मार्च १८३९ – १९ मे १९०४)

हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर जे विषय निघतात त्यात एक हमखास असतो. पुढे काय? कुणी गेटचा क्लास लावलेला असतो, कुणी बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांना मेल टाकत असतो. इंडस्ट्रियलवाल्या एखाद्याला सप्लाय चेनमध्ये पीएच.डी. करायची असते, कारण २०२० च्या लॉकडाउनमध्ये आणि २०२१ मध्ये सुएझच्या कालव्यात ते अजस्र जहाज आडवे अडकले तेव्हा जगाला कळले, की एक कडी तुटली की सगळी साखळी कशी लोंबकळते. विषय एकदम हॉट! पण चर्चा शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते. पैसे कोण देणार? फेलोशिप मिळाली तर ठीक, नाहीतर घरी काय सांगायचे?

हा प्रश्न आपल्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता. गंमत म्हणजे तो स्वतः विद्यार्थी नव्हता. तो गिरणीमालक होता, पन्नाशी ओलांडलेला, आणि त्याने आयुष्यभर कापूस, कोळसा, जहाज, लोखंड, पाणी असल्या गोष्टींच्याच साखळ्या जोडल्या होत्या. त्या जोडता जोडता त्याच्या लक्षात आले, की सगळ्यात महत्त्वाची कडी आपल्या देशात नाहीच. ती कडी म्हणजे संशोधन करणारा शिकलेला माणूस. जमशेटजी टाटांचे नाव आपण ट्रकवर, मिठावर आणि चहाच्या पुड्यावर रोज वाचतो. पण त्यांची ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

नवसारी ते लिव्हरपूल

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेत नवसारी इथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी हे त्या घराण्यातले व्यापारात उतरलेले पहिलेच. त्यांनी मुंबईत बस्तान बसवले आणि मुलाला तेरा-चौदाव्या वर्षी मुंबईला आणले. जमशेटजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये 'ग्रीन स्कॉलर' म्हणून, म्हणजे त्या काळचे पदवीधर म्हणून, बाहेर पडले. वाचनाचे वेड तिथेच लागले आणि ते मरेपर्यंत सुटले नाही.

१८५९ मध्ये वडिलांनी त्यांना हाँगकाँगला पाठवले. तिथे कापूस जायचा, अफूही जायची. त्या काळच्या मुंबईच्या अनेक व्यापाऱ्यांचा पाया या धंद्यावर उभा होता आणि टाटाही त्याला अपवाद नव्हते, हे इथेच सांगून टाकलेले बरे. थोर माणसाचे चरित्र म्हणजे धुतलेला तांदूळ नसतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर सप्लाय चेनला जबरदस्त शॉक! इंग्लंडला कापूस हवा होता आणि तो मुंबईहून मिळू लागला. भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या, आणि समुद्रात भराव घालून जमीन काढण्याच्या योजना. त्या धुंदीत नसरवानजींनीही पैसा गुंतवला. १८६४ मध्ये जमशेटजी लंडनला निघाले ते तिथे एका बँकेची शाखा काढायला. सोबत कापसाच्या हुंड्यांचा गठ्ठा होता.

१८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, मुंबईचा भाव कोसळला आणि जमशेटजींच्या हातातल्या हुंड्या रद्दीच्या मोलाच्या झाल्या. पंचविशीतला पोरगा, परका देश, दारात घेणेकरी. अशा वेळी पळ काढणारे खूप असतात. जमशेटजी एकेका घेणेकऱ्याला स्वतः जाऊन भेटले आणि आपली परिस्थिती जशी आहे तशी सांगितली. त्याचा परिणाम असा झाला, की त्या लोकांनी हिशेब मिटवायचे काम त्यांच्याकडेच सोपवले. मुंबईत वडिलांना राहते घर विकावे लागले, पण टाटांचे नाव बुडाले नाही.

त्या इंग्लंडच्या मुक्कामात त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या डोळे भरून पाहिल्या. वऱ्हाडातला कापूस बैलगाडीने, रेल्वेने, मग जहाजाने तिथवर येतो, त्याचे कापड होते आणि तेच कापड परत वऱ्हाडातल्या बाजारात विकायला येते, हा द्राविडी प्राणायाम त्यांच्या डोक्यात पक्का बसला.

दलदलीतली गिरणी

१८६८ मध्ये २१,००० रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. त्याच सुमारास अ‍ॅबिसिनियावर निघालेल्या ब्रिटिश फौजेला सामान पुरवण्याच्या कंत्राटातून टाटांना चांगला नफा झाला. पुढे चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी विकत घेऊन जमशेटजींनी तिची कापड गिरणी केली आणि दोनेक वर्षांत ती फायद्यात विकूनही टाकली. हा सराव सामना होता असे म्हणायला हरकत नाही.

खरा सामना नागपुरात झाला. त्या काळी गिरणी काढायची ती मुंबईतच, असा शिरस्ता होता. जमशेटजींनी वेगळा हिशेब मांडला. कापूस जिथे पिकतो तिथून जवळ, कापड जिथे खपते तिथून जवळ आणि वरोऱ्याच्या कोळशापासूनही जवळ अशी जागा हवी. नागपूर तिन्हीत बसत होते. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी काढली आणि जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून घेतली. चांगली जमीन सोडून चिखलात पैसा ओतणारा माणूस म्हणून लोक हसले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी, 'एम्प्रेस मिल' सुरू झाली. फॅसिलिटी लोकेशनचा जो चॅप्टर आपण आदल्या रात्री रट्टा मारून लिहितो, तो या माणसाने पुस्तक नसताना प्रत्यक्ष सोडवला होता.

सुरुवात मात्र खडतर होती. पहिल्यांदा घेतलेली यंत्रे हलकी निघाली, सूत चांगले येईना. जमशेटजींनी चूक कबूल केली आणि यंत्रे बदलली. सूत कातायची रिंग चाती तेव्हा नवी होती आणि लँकेशायरचे जुने कारखानदारही तिच्याबद्दल साशंक होते. जमशेटजींनी आधी थोड्या चात्यांवर प्रयोग करून पाहिला, आकडे पटले तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर बसवली. आधी ट्रायल, मग गुंतवणूक! मॅनेजर म्हणून बेजनजी दादाभाई मेहता यांना घेतले. ते रेल्वेतले माणूस, त्यांना कापडातले काही कळत नव्हते. पण माल कसा हलवायचा ते पक्के ठाऊक होते.

दुसरी अडचण कामगारांची. नागपूरचा माणूस गिरणीच्या भोंग्याला सरावलेला नव्हता. आज आला, उद्या नाही. दंड करण्याऐवजी जमशेटजींनी गिरणीत हवा खेळती राहील, आगीपासून बचाव होईल अशी व्यवस्था केली. १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्याने हे करायला लावण्याच्या कितीतरी आधी. यात दया होती तसा हिशेबही होता. माणूस टिकला तरच गिरणी टिकते.

जहाजांची लढाई

साखळीतली पुढची कडी होती जहाजाची. मुंबईचे सूत चीन-जपानला जायचे, पण ते नेणाऱ्या जहाज कंपन्यांनी आपसांत संगनमत करून भाडे चढे ठेवले होते. यातली बडी कंपनी होती ब्रिटिशांची पी. अँड ओ. जमशेटजी १८९३ मध्ये थेट जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी करार करून आले. भाड्याने जहाजे घेऊन 'टाटा लाइन' सुरू झाली, दर टनाला १२ रुपये.

पी. अँड ओ. ने काय करावे? जे टाटांच्या जहाजातून माल पाठवणार नाहीत त्यांच्यासाठी भाडे दीड रुपयावर आणले! दीड रुपयात कोळशाचा खर्चही निघाला नसता. मुंबईचे व्यापारी आधी टाटांच्या बाजूने होते, पण स्वस्त भाडे पाहून एकेक करून पाठ फिरवू लागले. जमशेटजींनी सरकारकडे दाद मागितली, पत्रके काढली, उपयोग झाला नाही. टाटा लाइन गुंडाळावी लागली आणि स्पर्धक गेल्यावर भाडी परत वाढली. जपानी कंपनीची मुंबईची फेरी मात्र चालू राहिली.

हा सरळ सरळ पराभव होता. चरित्रे लिहिणारे अशी पाने पटकन उलटतात. पण आपण इंजिनिअर मंडळी, फेल झालेला नमुनाच जास्त शिकवतो हे आपल्याला लॅबमध्ये सांगतातच की!

त्याच वर्षी जपानहून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर त्यांना एक तरुण संन्यासी भेटला. तो शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघाला होता. स्वामी विवेकानंद! उद्योग आणि विज्ञान यावर दोघांचे बोलणे झाले. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, जमशेटजींनी त्या भेटीची आठवण देऊन आपल्या संशोधन संस्थेच्या कल्पनेसाठी स्वामीजींचे साहाय्य मागणारे पत्र लिहिले.

कर्जाने शिकवायची युक्ती

ही संशोधनाची कल्पना काही एकाएकी आली नाही. आयुष्यभर त्यांना एकच अनुभव येत होता. यंत्र आणायचे तर इंग्लंडहून, यंत्र बसवणारा इंग्लंडहून, खनिज तपासायचे तर जर्मनीत, मोजणी करायची तर अमेरिकन. पैसा इथला, कच्चा माल इथला, घाम इथला. ज्ञान तेवढे बाहेरचे.

१८९२ मध्ये त्यांनी जे. एन. टाटा एन्डाउमेंट स्थापन केली. हुशार मुलामुलींना परदेशी उच्च शिक्षणासाठी पैसे द्यायचे, पण दान म्हणून नव्हे, सोप्या अटींचे कर्ज म्हणून. शिकून कमवायला लागलात की परत करा. आधी ही सोय पारशांपुरती होती, १८९४ पासून ती सर्वांना खुली झाली. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत दोन स्त्री डॉक्टर होत्या: फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. १८९० च्या दशकात बाईने डॉक्टरी शिकायला परदेशी जायचे!

कर्जच का, असे कुणी विचारेल. विचार करून बघा. एक लाख रुपये दान दिले तर ते एकदा संपतात. तेच परत आले तर दुसऱ्याला मिळतात, मग तिसऱ्याला. शिवाय घेणाऱ्याची मान ताठ राहते, त्याने भीक घेतलेली नसते. सस्टेनेबल हा शब्द आपण आता प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दर पानावर टाकतो. या फंडाच्या रचनेत तो मुळातच होता. म्हणून तर हा फंड अजून चालू आहे. राजा रामण्णा यांची लंडनची पीएच.डी., जयंत नारळीकरांचे केंब्रिजचे शिक्षण, राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन यांचे लंडनमधले शिक्षण, या सगळ्यांना याच फंडाचा हात होता. नारळीकर सर २०२५ मध्ये गेले. जमशेटजींच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांच्या पैशावर एक मराठी मुलगा आकाशातले गणित सोडवायला केंब्रिजला जातो, यापेक्षा मोठा परतावा कोणता?

अर्धी संपत्ती आणि एक नाखूश व्हाइसरॉय

पण दरवर्षी दोन-चार मुले बाहेर पाठवून भागणार नव्हते. संशोधन इथेच व्हायला हवे होते. १८९८ मध्ये जमशेटजींनी जाहीर केले, की विज्ञानाच्या संशोधन विद्यापीठासाठी आपण ३० लाख रुपये किमतीची मालमत्ता देऊ. मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार जमिनी. ही त्यांच्या संपत्तीची जवळजवळ अर्धी होती. त्यांनी आपले सहकारी बर्जोरजी पादशा यांना युरोप-अमेरिकेतली विद्यापीठे बघायला पाठवले. पादशांना अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ पसंत पडले, कारण तिथे पदवीनंतरच्या संशोधनाला मान होता.

३० डिसेंबर १८९८ रोजी लॉर्ड कर्झन मुंबई बंदरात उतरले. दुसऱ्याच दिवशी जमशेटजींच्या वतीने शिष्टमंडळ त्यांना भेटले. कर्झनसाहेब काही फार खूश झाले नाहीत. एवढे शिकायला विद्यार्थी येतील कुठून आणि शिकल्यावर त्यांना नोकऱ्या कोण देणार, या त्यांच्या शंका होत्या. (आपल्या घरी पीएच.डी. चे नाव काढल्यावर हेच प्रश्न येतात, त्यामुळे कर्झनला फार शिव्या देऊ नयेत!)

मग सुरू झाले समित्यांचे चक्र. १९०० च्या अखेरीस नामांकित रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से आले, देशभर फिरले आणि बंगळूर ही जागा सुचवली. सरकारचे समाधान झाले नाही, म्हणून दुसरी समिती बसली. म्हैसूर संस्थानाने मात्र उदारपणे जमीन आणि पैसा देऊ केला. पुढे ३७१ एकर जमीन संस्थेला मिळाली. इकडे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले आणि जमशेटजींची तब्येत खालावत गेली.

लोखंड आणि पाणी

याच वर्षांत आणखी दोन स्वप्ने चालू होती. १८८२ मध्ये त्यांनी एका जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल वाचला होता, चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दल. खनिज उत्तम, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना, आणि सरकारी परवान्याच्या अटी अशा की धंदा परवडू नये. फाइल बंद! १८९९ मध्ये खाणींचे नियम सैल झाले आणि साठीच्या या गृहस्थांनी ती फाइल परत उघडली. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी यांनी नुसत्या तपासणीलाच केवढा खर्च येईल याची जाणीव करून दिली. जमशेटजी डगमगले नाहीत. न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेरिन या इंजिनिअरला त्यांनी कामाला लावले. पेरिनचे सहकारी वेल्ड, मुलगा दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याची जंगले बैलगाडीतून पालथी घातली. (हे शापुरजी पुढे १९२२ मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटात कम्युनिस्ट असूनही मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून गेले, हीही एक गंमत.)

दुसरे स्वप्न पाण्याचे. मुंबईच्या गिरण्या लांबून आणलेल्या कोळशावर चालत, धुराने शहर काळवंडत असे. सह्याद्रीत पावसाळ्यात कोसळणारे पाणी लोणावळ्याजवळ अडवून, ते घाटाखाली सोडून वीज करायची ही ती योजना. कोळशाचा धूर नाही आणि वाहतुकीची काळजीही नाही.

मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या. दोन महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीत बाड नौहाइम इथे उपचार घेत असताना जमशेटजी वारले. त्या दिवशी हिशेब काय होता? ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले होते, गिरण्या चालू होत्या. पोलादाचा कारखाना नाही, विजेचे केंद्र नाही, संशोधन संस्था नाही. तिन्ही मोठी कामे कागदावर.

नंतर

मुलांनी, दोराबजी आणि रतनजींनी, वडिलांचा शब्द खाली पडू दिला नाही. १९०७ मध्ये पोलादाची कंपनी निघाली, भांडवल हिंदी लोकांनी उभे केले. साक्चीला १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाचा पहिला ठोकळा निघाला. पहिल्या महायुद्धात इथले रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले आणि १९१९ मध्ये साक्चीचे जमशेदपूर झाले. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. आणि २७ मे १९०९ च्या हुकुमाने बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अस्तित्वात आली, १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. तिथले जुने लोक तिला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात.

एक गोष्ट राहून गेली तर चरित्र अर्धवट होईल. जमशेटजींच्या माघारी कंपनीने धरणांची साखळी पुढे वाढवली, तेव्हा १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. त्यांचे पुढारी सेनापती बापट. हे स्वतः शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले आणि इंग्रजांविरुद्ध भाषण केले म्हणून शिष्यवृत्ती गमावलेले! धरण झालेच, गावे बुडालीच. वीज स्वच्छ होती, पण तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या घरात दिवा लागला नाही. साखळी टिकाऊ आहे का हे विचारताना ती कुणाच्या खांद्यावर टिकली आहे हेही विचारायला हवे. आपल्यापैकी जे कुणी यात संशोधन करतील त्यांनी हा प्रश्न टाळू नये.

एम्प्रेस मिल बंद पडून आता बरीच वर्षे झाली. टाटा लाइनचे तर नावही कुणाला आठवत नाही. गिरण्या जातात, जहाजे जातात. टिकले काय, तर १८९२ चा तो फंड आणि बंगळूरची ती संस्था, म्हणजे माणसांवर घातलेला पैसा.

तेव्हा मित्रांनो, फेलोशिपचे पैसे लांबले म्हणून कॉरिडॉरमध्ये वैतागून फिरणारा एखादा रिसर्च स्कॉलर दिसला तर त्याला मेसवर बोलवा, एक चहा पाजा. आणि पुढे कधी खिशात चार पैसे खुळखुळायला लागले, तर या कॉलेजातल्या एखाद्या ज्युनिअरच्या शिक्षणासाठी त्यातला एक बाजूला काढा. कर्ज म्हणून दिलेत तरी चालेल. परत आला की पुढच्याला द्या!